पिवळं कार्ड लपवू का?

"पोरीचं पिवळं कार्ड दाखवलं तर लग्न मोडन ना, मॅडम?"

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं समुपदेशन करताना लग्नसराईत हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणारी आई होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शेजारी तेवीस वर्षांची लेक मान खाली घालून बसलेली. साखरपुडा ठरला होता आणि कार्ड आईने तांदळाच्या डब्यात दडवलं होतं.

"तुला काय त्रास होतो?" मी मुलीला विचारलं.

"काहीच नाही."

खरंच होतं ते. पिवळं कार्ड म्हणजे ती वाहक आहे, रुग्ण नाही. सिकलचा एक जनुक एका पालकाकडून आला, दुसऱ्याकडून निरोगी जनुक मिळाला. लाल कार्डवाल्या रुग्णांना होणारी असह्य अंगदुखी किंवा पुन्हा पुन्हा रक्त चढवणं वाहकांच्या वाट्याला सहसा येत नाही.

"आणि मुलाची तपासणी?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला राग येतो तो इथेच. प्रश्न जोडीचा असतो आणि झडती एकट्या मुलीची होते.

तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, हे मी सांगितलं. आई म्हणाली, "मंजे चारातलं एक. ते झालं की बाकीचे सुटले." नाही. प्रत्येक खेपेला हिशोब नव्याने सुरू होतो. हे समजायला तुरीचे दाणे आणि अर्धा तास लागला.

मुलीने स्वतःच मुलाला फोन केला. आठवड्याने तो आला, सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन. तेवढ्यावर मी थांबले नाही, एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी, करायला लावली. पहिल्या चाचणीत सिकल कळतो, थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक निसटतो; आणि एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी बाळ आजारी होतं. त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे यांची मुलं वाहक होऊ शकतील, सिकलसेलची रुग्ण नाही.

निघताना मी मुलीच्या धाकट्या भावाचीही तपासणी करायला सांगितली. आई दारातच थांबली.

"मंग हे माझ्याकडूनच आलं असन का जी?"

"तुमच्याकडून किंवा तिच्या बाबांकडून. कोणी मुद्दाम दिलेलं नाही."

तिने परत येऊन खुर्ची ओढली आणि बोट पुढे केलं. "माझंबी बघा."