तलावातल्या चिखलावर एवढं जड देऊळ टिकलं कसं?

प्रश्न: मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांची जुनी राजधानी टेनोच्टिटलान तलावातल्या बेटावर होती असं वाचलं. मग त्या भुसभुशीत जमिनीवर दगडी पिरॅमिड उभा कसा राहिला, तेही लोखंडी हत्यारं नाहीत, बैलगाडी नाही?

उत्तर: खरं सांगू का, तो खचतच होता! आणि तरी त्यांनी हार मानली नाही, मला तर त्या बांधकामातलं सगळ्यात भारी हेच वाटतं. हे शहर १३२५ च्या सुमारास टेक्सकोको तलावात वसलं. खाली नुसता मऊ गाळ, म्हणून आधी लाकडी मेखा खोल ठोकायच्या आणि त्यावर दगडमातीचा भराव घालायचा. दगडही बघा कसा निवडला, टेझोंत्ले नावाचा लालसर ज्वालामुखीचा दगड, आत सगळी भोकं भोकं त्यामुळे वजनाला हलका, बाकी सामान होड्यांतून नाहीतर माणसांच्या पाठीवरून यायचं कारण ओझी ओढणारी जनावरं तिथे नव्हतीच.

आता मुख्य देवळाचं, म्हणजे टेंप्लो मायोरचं. या पिरॅमिडच्या माथ्यावर दोन गाभारे, एक पावसाच्या त्लालोकचा आणि एक युद्धाच्या वित्झिलोपोच्त्लीचा. जुनं देऊळ पाडायचं नाही, त्याच्यावरच नवीन मोठं चढवायचं, असे एकूण ७ टप्पे झाले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक. कधी नव्या राजाला आपलं नाव मोठं करायचं असायचं, कधी खालचं खचलेलं किंवा पुराने खराब झालेलं असायचं. १५२१ मध्ये शहर पडल्यावर स्पॅनिश लोकांनी वरचं देऊळ पाडून दगड स्वतःच्या इमारतींना वापरले, पण आतलं दुसऱ्या टप्प्याचं देऊळ तोवर जमिनीत इतकं खाली गेलेलं की ते वाचलं!! त्लालोकच्या गाभाऱ्यासमोरचा रंगवलेला चाकमूल, म्हणजे मागे रेललेल्या माणसाचा दगडी पुतळा, आजही जागेवर आहे.

हे सगळं नीट उजेडात आलं ते १९७८ नंतर. त्या वर्षी फेब्रुवारीत मेक्सिको सिटीत, म्हणजे टेनोच्टिटलानच्याच जागेवर उभ्या असलेल्या आजच्या शहरात, वीज कंपनीचे कामगार खणत होते आणि त्यांना कोयोल्शाउकी देवीची कोरलेली गोल शिळा लागली, सव्वातीन मीटर रुंद! मग पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली मोठं उत्खनन झालं. शेजारचं स्पॅनिशांचं कॅथेड्रलही त्याच गाळात वाकडंतिकडं खचत गेलंय, ते सावरायला इंजिनिअर लोकांना पायाखालची माती काढावी लागली.