ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या चोरीला जाऊ नयेत म्हणून काय करावं? जीपीएस बसवून भागेल का?

तुमचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या कागलजवळच्या मळ्यात उघड्यावर असतात, शेजारच्या गावातली एक ट्रॉली रातोरात गेली, आणि जीपीएस बसवलं की झालं का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. जीपीएस गाडी कुठं गेली ते सांगतं, गाडी अडवत नाही. आणि ट्रॅक्टरपेक्षा आधी ट्रॉल्यांची काळजी घ्या.

ट्रॉलीला ना किल्ली, ना इंजिन. कुणीही आपला ट्रॅक्टर घेऊन येतो, पिन घालतो आणि निघतो. त्यात आपल्याकडं हंगामात कारखान्याच्या खेपा रात्रभर चालू असतात. रात्री दोनला मोटारसायकल ढकलत नेणाऱ्याला गावात चार जण हटकतील, पण ट्रॉली ओढत चाललेल्या ट्रॅक्टरकडं कुणी मान वर करूनही बघत नाही. चोराला लपावंच लागत नाही. म्हणून त्याला जागेवरच वेळ लागेल असं काहीतरी करायला हवं.

पहिलं काम दांडीचं. दांडीच्या टोकाला पिन बसते ते कडं बंद करून टाका. नुसती साखळी आणि बाजारातलं कुलूप कटरनं मिनिटभरात तुटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत फॅब्रिकेशनवाल्याला सांगून जाड प्लेटची टोपी करून घ्या. ती कड्यावर बसते, आरपार जाड पिन जाते आणि कुलूप टोपीच्या आतल्या बाजूला राहतं. कटरचा जबडा किंवा ग्राइंडरची डिस्क तिथवर सहज पोचत नाही. ट्रॉली लावतानाही दांडी भिंतीकडं किंवा झाडाकडं करा, म्हणजे पुढं ट्रॅक्टर घालायला जागाच उरत नाही. तुमच्या दोन ट्रॉल्या आहेत, तर दोघींच्या दांड्या समोरासमोर आणून एकाच साखळीत घ्या. हंगाम संपला की एक चाक काढून ट्रॉली ठोकळ्यावर ठेवा आणि चाक घरात न्या. पाणंदीच्या कडेला पावसाळाभर बेवारस उभी असलेली ट्रॉली बघितली की मला खरंच काळजी वाटते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत किल्लीवर विसंबू नका. जुन्या ट्रॅक्टरांत एकाची किल्ली दुसऱ्याला चालते, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. बॅटरीचा कट-ऑफ स्विच जरूर बसवा, पण जुनं डिझेल इंजिन एकदा फिरलं की त्याला करंट लागत नाही, उतारावर गिअरमध्ये टाकून ते चालू करता येतं. म्हणून मी डिझेलच्या कॉकवर, म्हणजे डिझेल बंद करायच्या तोटीवर, भर देतो. बहुतेक ट्रॅक्टरांना टाकीखाली कॉक असतो. रात्री तो बंद केला की पाइपात आणि फिल्टरमध्ये राहिलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालतं आणि बंद पडतं. मग लाइनमध्ये हवा धरते. कॉक सापडला तरी एअर काढल्याशिवाय बहुतेक इंजिनं परत धरत नाहीत, आणि अंधारात रस्त्यावर पाने घेऊन ते करत बसायला चोराला सवड नसते. कॉक हाताला सहज लागत असेल तर मेकॅनिककडून आडबाजूला दुसरा बसवून घ्या. जोडीला क्लचचं पेडल आणि स्टेअरिंग एका कुलपात अडकवा.

जीपीएस घेणार असाल तर आत स्वतःची बॅटरी असलेलंच घ्या, कारण चोर पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर तोडतो. ते कुठं बसवलंय हे घरातल्या दोघांपलीकडं कुणाला कळू देऊ नका. सिमचा रिचार्ज संपला की ते बंद, तेवढं ध्यानात ठेवा.

आता ओळखीचं. चोरीची ट्रॉली रंग बदलून दुसऱ्याच्या दारात उभी राहते, आणि ती सापडली तरी तुमचीच कशावरून, हा प्रश्न येतो. चेसिस नंबर एका ठिकाणी असेल तर तो घासून टाकतात. म्हणून वेल्डिंगनं तोच नंबर आणखी दोन-तीन आडजागी उठवून घ्या: ॲक्सलच्या वर, फाळक्याच्या आतून, चेसिसच्या खालच्या पट्टीवर. त्याचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. ट्रॉलीचं पासिंग आणि बिल नसेल तर आधी ते करा. विमा काढताना ट्रॉली पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही.

एवढं करूनही गेलीच, तर सकाळची वाट बघू नका. कागलपासून कर्नाटकातलं निपाणी जवळ आहे आणि हद्द ओलांडली की तपास दोन राज्यांच्या पोलिसांत वाटला जातो. ११२ ला फोन करा, गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असेल तर तिथंही कळवा, आणि त्याच दिवशी फिर्याद नोंदवा. विमा कंपनीलाही लगेच कळवा. पण तिथं उशीर झाला म्हणून दावा सोडून देऊ नका. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तो ट्रॅक्टरच्या चोरीचाच होता. मालकानं फिर्याद त्याच दिवशी दिली होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं होतं. फिर्याद वेळेत आहे आणि चोरी खरी आहे, तर नुसत्या त्या उशिरासाठी दावा नाकारता येणार नाही, असं कोर्टानं सांगितलं. तपास लागला नाही तर ‘अ समरी’ होते, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा पोलिसांचा अहवाल; तिची प्रत कंपनी मागते. ट्रॅक्टरच्या दोन्ही किल्ल्याही मागते, म्हणून दुसरी किल्ली ड्रायव्हरकडं न देता घरातच ठेवा.