प्लायवुडच्या कडेला हातरंधा मारला तर पातं खराब होतं का? कोणता रंधा घ्यावा?

बिनधास्त मारा. पातं खराब होत नाही, बोथट होतं. बोथट झालं की दगडावर घासायचं, त्यात काय एवढं? ‘प्लायला रंधा चालत नाही’ हे धार लावायचा कंटाळा असणाऱ्यांनी उठवलंय. त्यात पहिला नंबर माझ्या थोरल्या भावाचा.

दादाचं कुपवाडला मशीनवरचं काम, मी साइटवरचा सुतार. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका फ्लॅटसाठी त्यानं कपाटाची शटरं कापून पाठवली. सनमायका साइटवर लागणार होता, म्हणजे कडा कोऱ्याच. भिंत ओळंब्यात नव्हती, त्यामुळे शेवटचं शटर वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलं. फोन केला तर म्हणतो, परत पाठव, सरळ दोन एमएम मारून देतो. अरे, सरळ मारून काय करू? वर एक सूत (साधारण तीन एमएम) जायला हवं, खाली शून्य. सरळ कापलं की खाली फट पडणार. शिवाय टेम्पोचं भाडं, आणि घरच्या काकूंची वास्तुशांत तोंडावर.

शटर आडवं कडेवर उभं केलं, पेन्सिलीनं उतरती रेघ मारली, वरच्या टोकाकडून आत रंधा ओढत गेलो. आधी आखूड हात, मग लांब. उभ्या रेषांच्या थरांच्या लांब रिबिनी निघत होत्या, आडव्यांचा नुसता चुरा. चहा येईपर्यंत शटर बसलं. दादा आला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “पात्याचं काय झालं बघ.” टेम्पोचं भाडं वाचलं त्याबद्दल चकार शब्द नाही.

पात्याचं काय होतं ते सांगतो. थरांमधला डिंक वाळला की काचेसारखा होतो. पातं उजेडात धरलं तर धारेवर डिंकाच्या रेघांच्याच अंतरानं बारीक खाचा चमकतात. म्हणून रंधा तिरका धरायचा आणि थोड्या थोड्या वेळानं बाजूला सरकवायचा, म्हणजे पात्याची एकच जागा खात नाही. २०१९ च्या महापुरानंतर माझी बरीच गिऱ्हाइकं ७१० चं, म्हणजे आयएस ७१० मानकाचं पाण्याला टिकणारं, मरीन प्लायच मागतात. त्यातला डिंक फिनॉलिक असतो. तेही मी हातानंच रंधतो.

रंधा कोणता? घरात असेल तो. तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती फट, बारीक आणि पातं केसभर बाहेर, एवढं बघा. स्वस्तातल्या प्लायच्या पोटात पोकळ्या निघतील, तो रंध्याचा दोष नाही.

हां, टोकाला रंधा बाहेर काढलात तर कोपरा उडणार. तिथं फालतू लाकडाचा तुकडा शिकंज्यानं आवळा, नाहीतर दोन्ही टोकांकडून मधे या. कडेला सागवानी पट्टी चिकटवून सपाट करत असाल तर शेवटचे हात हलके, कारण प्लायचा वरचा पापुद्रा अर्धा एमएमसुद्धा नसतो, बघता बघता खालचा थर दिसतो. आणि सनमायका चिकटवल्यावर त्या कडेला रंधा लावू नका, तिथं कानस. एवढ्यापुरतं दादाचं बरोबर आहे, पण तो हे प्लायलाही लावतो.