जन्म ब्रिटनचा, म्हणून नागरिकत्व? आमच्या थोरल्याच्या वेळी काय झालं

मुलगी सात महिन्यांची, जन्म लंडनचा, तुम्ही दोघं कामाच्या व्हिसावर, आणि तुमचा प्रश्न असा की जन्म इथला असेल तर ती ब्रिटिशच ना? आणि नसेल तर हा अन्याय नाही का?

ब्रिटिश नाही. १ जानेवारी १९८३ पासून ब्रिटनमध्ये नुसत्या जन्मावर नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश तरी हवेत, नाहीतर त्यांच्याकडे तिथे कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, हवी.

आम्हाला नेमकं उलटं सांगण्यात आलं होतं. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात थोरल्याचा जन्मदाखला दाखवला, तर म्हणाले, "हा इथलाच नागरिक. भारतीय नोंदणीच्या भानगडीत पडू नका, उलट अडचण होईल." लेखी मागितलं तर टाळाटाळ. त्या भरवशावर वर्ष उलटलं. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल आपोआप भारतीयही होत नाही. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे पोरगा ना इथला, ना तिथला. सासरे आजारी पडले तेव्हा त्याला पासपोर्टच नव्हता. बायको अंगावर पिणारं पोर मागे ठेवून एकटी गेली. जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "मध्ये नियम बदलले असतील." कुठलाही नियम मध्ये बदललेला नव्हता! आजही आठवलं की संताप होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एवढं सोसूनही माझं मत असं की नुसता जन्म पुरेसा नसावा. आपल्याकडे तरी कुठे आहे? १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण भारतीय. मग आईवडिलांपैकी एक भारतीय असण्याची अट आली, आणि २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरितही नसावा लागतो. अमेरिकेने १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीने नुसत्या जन्मावर नागरिकत्वाचा हक्क संविधानात घातला तो गुलामगिरीतून सुटलेल्यांना पुन्हा कोणी परकं ठरवू नये म्हणून. ती गरज फार मोठी होती, पण ती त्या देशाची होती.

मात्र जन्म आणि वाढ दोन्ही एकाच देशात झाली असेल, तर तो हक्कच आहे, आणि अर्ज न करता मिळायला हवा. ऑस्ट्रेलियानेही २० ऑगस्ट १९८६ पासून नुसता जन्म पुरेसा मानणं बंद केलं, पण तिथे जन्मून तिथेच वाढलेलं मूल दहाव्या वाढदिवशी आपोआप नागरिक होतं. ब्रिटनमध्येही दहा वर्षांची सोय आहे, पण अर्ज करा, भरमसाठ फी भरा (परवडत नसेल तर माफी मागता येते), वर 'चांगल्या वर्तणुकीची' अट. दहा वर्षांच्या लेकराची वर्तणूक तपासायची! आमची धाकटी आयएलआरनंतर जन्मली म्हणून जन्मतःच ब्रिटिश. थोरल्यासाठी मात्र अर्ज आणि फी. एकाच घरातली, एकाच इस्पितळात जन्मलेली भावंडं. हे मला कधीच पटणार नाही.

मी वकील नाही, फी आणि नियम बदलत असतात, तेव्हा स्वतः तपासून घ्या. पण वर्ष व्हायच्या आत वकिलातीत नोंद कराच. मुलीकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, त्याला घाबरू नका, ते खरंच आहे. पुढे तुमच्यापैकी एकाला आयएलआर मिळाला की ती अठराची होण्याआधी तिची ब्रिटिश नोंदणी करता येते, आजच्या भारतीय नोंदीने ती वाट बंद होत नाही. काही जण मुद्दाम नोंद टाळा म्हणतील, पाच वर्षांनी 'कुठल्याच देशाची नाही' म्हणून नागरिकत्व मिळेल या आशेवर. ऐकू नका. २०२२ च्या कायद्याने ती वाट आवळली आहे, आणि तोवर पोर पासपोर्टविना.

जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला पूर्ण काढा, छोटा चालत नाही. आणि आजोळी पाठवायचं तर वर्षात ९० दिवसांच्या आत परत आणा. दहा वर्षांच्या वाटेने जायची वेळ आली तर प्रत्येक वर्षाची गैरहजेरी मोजतात. विशेष कारण असेल तर सूट मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका. तिकिटं आणि बोर्डिंग पास आत्तापासून एका फायलीत लावत चला.