विचारा भूगोलाच्या सरांना

प्रश्न : सर, मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याच्या तिकिटावर मुंबईहून सकाळी 10 ला सुटून 11:45 ला दुबई, म्हणजे पावणेदोन तास. सुट्टीवर येताना दुपारी 1 ला निघून संध्याकाळी 5:20 ला मुंबई, म्हणजे चार तास वीस मिनिटं! अंतर तेच ना? पुतण्या म्हणतो, पृथ्वी फिरते म्हणून असं होतं. खरं का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : ताई, पुतण्याकडे नंतर येऊ, आधी घड्याळ लावून घेऊ. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची छापतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथले 11:45 म्हणजे रावेरला सव्वा वाजला. जायला लागले सव्वातीन तास. येताना दुबईचा 1 म्हणजे आपले अडीच. 5:20 पर्यंत झाले दोन तास पन्नास मिनिटं. म्हणजे तुम्हाला लांब वाटलेला प्रवासच पंचवीस मिनिटांनी छोटा निघाला.

आता पुतण्या. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ती विमानाखालून निसटत असती, तर जाताना दुबईच चालत भेटायला आली असती आणि येताना मुंबई हाती लागलीच नसती. कारण विषुववृत्तावर पृथ्वीचा वेग ताशी सुमारे 1,670 किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर थोडा कमी. जेट विमानाचा 830 च्या आसपास. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेत असलेलं विमानही. भुसावळहून सुटलेल्या गाडीत शेंगदाणा वर उडवा, तो तुमच्याच ओंजळीत पडतो, मागच्या डब्यात जात नाही.

खरी करामत वाऱ्याची. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. पावसाळ्यात हा जोर ओसरतो. दक्षिण भारतावर तर तेव्हा वरचा वारा उलटा, पूर्वेकडून असतो. पुतण्याची अब्रू राखायची तर एवढं सांगतो की हे वारे असे पूर्वेकडे वळतात, त्यात पृथ्वीच्या फिरण्याचाच हात आहे. पोरगा अगदीच वाया गेलेला नाही.

अंतराचंही सांगून टाकतो. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात, म्हणून कुठे 1,042 असा आकडा दिसला तर दचकू नका. 830 नं भागलं तर दोन तास वीस मिनिटं येतात. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरपटण्यात, चढण्या-उतरण्यात आणि ठरलेल्या हवाई मार्गाच्या वळणांत जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरतात. त्यामुळे उतरण्याआधी आकाशात घिरट्याही होतात.

मुलाचं रावेरचं परतीचं आरक्षण करताना मात्र 5:20 ही विमान जागेवर येऊन थांबायची वेळ धरा, बाहेर पडायची नव्हे. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, मग संध्याकाळच्या गर्दीतून दादर किंवा कुर्ल्याचं स्टेशन. रात्री नऊच्या आधीची गाडी मी तरी धरणार नाही.