विचारा ताईले: पबात बसून केजन जेवण

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही लाखांदूर तालुक्यातले, घरी धानाची शेती. पोरगा अमेरिकेत लुइझियाना राज्यात लाफाएटले नोकरीवर आहे, मार्चमध्ये मी अन् हे पहिल्यांदाच तिकडे चाललो. सूनबाई म्हणते घराजवळच्या पबात जेवायले नेऊ, तिथं केजन जेवण लय चांगलं भेटते. फोटो पाठवला तर टेबलावर कागद अंथरून त्यावर लाल झिंग्यांचा ढीग अन् बाजूले बिअरचे ग्लास! आमच्या इकडे बार म्हंजे हिरवे पडदे, बाईमाणूस तिथं पाय ठेवत नाही. मी मासोळी-झिंगे खाते पण हे माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. जावं का? अन् खावं काय?

उत्तर: जा वहिनी, मनात काही न आणता जा. तुमची धाकधूक मला कळते कारण लेकीकडे त्याच भागात दोन महिने राहायला गेली होती तेव्हा पहिल्या दिवशी मीही पबच्या दारातच थबकली, आत पाहते तर एका टेबलावर म्हातारा-म्हातारी, शेजारी शाळकरी पोरं बटाट्याच्या फोडी खात बसलेली, टीव्हीवर मॅच चालू, माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. घराजवळचा असा पब म्हणजे तिकडे मोहल्ल्याची खानावळच समजा. दारू मागितली तरच येते अन् ती विकत घ्यायला वय २१ पूर्ण लागते. तुम्ही लिंबू सरबत नाहीतर आइस टी सांगा, फक्त बर्फ कमी टाका म्हणा, नाहीतर अर्धा ग्लास बर्फच असते.

केजन हा शब्द अकेडियनवरून आला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया भागात राहणारे हे फ्रेंच शेतकरी, इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना तिथून हाकललं, भटकत भटकत त्यातले बरेच जण लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात येऊन वसले, अन् तिथं जे हाताला लागलं त्यावर चूल पेटवली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली माणसं तुमच्या ओळखीत असतीलच, नव्या जागी पहिल्या वर्षी काय शिजवलं ते त्यांना विचारा, मग हे जेवण लवकर समजेल.

आधी गंबो मागवा. खोलगट वाटीत काळपट रस्सा अन् मधोमध भाताचा छोटा डोंगर, असं येते. रंग पाहून वाटते सावजीच आहे, पण सावजीचा रंग भाजलेल्या मसाल्याचा अन् याचा भाजलेल्या पिठाचा. मी त्या पबच्या स्वयंपाकिणीला विचारलं तर तिने मला आत नेऊन दाखवलं, जाड लोखंडी भांड्यात तेल अन् तेवढाच मैदा, मंद आचेवर लाकडी उलथन्याने सारखं हलवत राहायचं, पाऊण तास तरी. आधी शेंगदाण्याचा रंग येते मग चॉकलेटचा, खमंग वास अख्ख्या खोलीत. एक काळा ठिपका दिसला तर सगळं फेकून पुन्हा सुरू करायचं, बाई म्हणाली. मग त्यात कांदा, सिमला मिरची अन् सेलरी, ती आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली जाड दांड्यांची भाजी. तिखटाला सावजी खाणाऱ्या माणसाने घाबरू नये, कमीच वाटेल, वरून घ्यायला टेबलावर टबॅस्को नावाच्या तिखट सॉसची बाटली असतेच, ती त्याच राज्यात एव्हरी आयलंडला १८६८ पासून बनते. अन् गंबो हा शब्द मुळात भेंडीचं आफ्रिकी नाव बरं का! गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांसोबत भेंडी तिकडे पोचली, म्हणून कितीतरी गंबोत भेंडी असते.

फोटोतले लाल झिंगे म्हणजे क्रॉफिश, गोड्या पाण्यातले, खेकड्यासारख्या नांग्या असलेले. हे तुम्ही तर पाहिलेच पाहिजे वहिनी, कारण ते धानाच्या बांधीत वाढवतात! उभ्या धानात सोडतात, धान कापलं की थंडीच्या तोंडी बांधीत पुन्हा पाणी भरतात, मग जाळीचे सापळे लावून होडीतून फिरत काढतात. मार्च-एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, तुमचा मुहूर्त चांगला लागला. मक्याचं कणीस, बटाटे सोबतच उकडलेले येतात. डोकं अन् शेपूट दोन हातांनी धरून पिळायचं, शेपटाचं कवच सोलायचं, आतलं खायचं. ३ पाउंड मागवले म्हणजे सव्वा किलोच्या वर, ऐकून लय वाटते पण त्यात कवचच जास्त. मात्र शुक्रवारी जाऊ नका, ईस्टरच्या आधीचे ४० दिवस तिकडचे कॅथलिक लोक शुक्रवारी मटण खात नाहीत, मासे-झिंगेच खातात, आपल्या श्रावणासारखं, त्यामुळे गर्दी मायंदाळ.

आता भाऊजींचं, अन् हे नीट वाचा. मेन्यूत लाल राजमा-भात दिसेल, तो शाकाहारी समजू नका, त्यात बहुतेक डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. पालेभाजीतही असू शकतात. मक्याच्या ब्रेडमध्ये अंडं, तळलेली भेंडी अन् बटाट्याच्या फोडी बहुतेक ज्या तेलात मासोळी तळली त्याच तेलात. म्हणून त्यांनी घरून वरण-भात खाऊनच निघावं अन् तिथं भाजलेला बटाटा, सॅलड एवढंच मागवावं, पोराला वेटरला स्पष्ट विचारायला लावा, विचारलं तर कोणी रागावत नाही. मी विचारलं नव्हतं अन् सोबतच्या माळकरी मावशींच्या ताटात राजमा आला, दोन घास गेल्यावर कळलं, त्या रात्रभर रडल्या. ते अजून मनाला लागते माझ्या.

उरलेलं डब्यात बांधून देतात, लाजू नका. बिलावर १८-२० टक्के टिप ठेवायची असते, तिथल्या वाढणाऱ्यांचं घर बरंचसं त्यावरच चालते. अन् पोराला म्हणा, आई-बाबाले एखादी बांधी दाखवून आण.

प्रश्न: ताई, नागपूरहून केजन मसाल्याचं पाकीट आणलं. त्यात काजू नाहीत! मग असते काय, अन् घरी जमेल का? (वरुड तालुका)

उत्तर: काजूचा काही संबंध नाही रे बाळा, नावच सारखं वाटते. तिखट, लसणाची पूड, कांद्याची पूड, काळी मिरी, ओरेगॅनो अन् थाइम हा सुकवलेला सुवासिक पाला, मीठ, एवढंच साधारण. रंगाला कमी तिखट असलेली लाल मिरची जास्त घे. लुइझियानाचे शेफ पॉल प्रूडॉम यांनी १९८० च्या दशकात मासोळी याच प्रकारच्या मसाल्यात काळी भाजून जगभर गाजवली. मरळचे बिनकाट्याचे पातळ काप वितळलेल्या लोण्यात बुडव, दोन्ही बाजूंनी मसाला दाब, लोखंडी तवा धूर येईस्तोवर तापव, एकेक बाजू दोन मिनिटं. अंगणातल्या चुलीवर कर, घरात केलं तर डोळे उघडता येणार नाहीत.