‘वाळत’ नव्हे, ‘वाळीत’

प्रश्न असा आहे: ‘वाळीत टाकणे’ हे वाळवणावरून आलं का, आणि ‘बहिष्कार’ या शब्दाहून ते वेगळं कसं?

वाळवणावरून मुळीच नाही. ‘कुटुंबाला वाळत टाकले’ असं हल्ली सर्रास छापून येतं आणि दर वेळी चीड येते. वाळत घालतात ते कपडे. माणसाला टाकतात ते वाळीत. यावर काही जाणकार सांगतात की, गावापासून तुटलेला माणूस उन्हातल्या मासळीसारखा वाळतो, म्हणून वाळीत. हे घरबसल्या रचलेलं आहे. किनाऱ्यावर या आणि ऐका. हर्णैला मासळी ‘सुकत’ घालतात, बाजारात ‘सुकट’ मागतात.

जुन्या मराठीत ‘वाळणे’ हे वेगळंच सकर्मक क्रियापद आहे: टाकून देणे, वर्ज्य करणे. तुकोबांची विराणी आठवा, ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी’. लोक मला खुशाल वाळोत! कर्ता जन, कर्म मज. इथे उन्हाचा संबंध येतोच कुठे?

आता माझं मत. ‘ओवाळणे’ यातही हाच ‘वाळणे’ आहे, आधी ‘अव’ लागलेला. ‘अवलंब’चा ‘ओळंबा’ होतो तसा. कोकणात तिठ्यावर उतारा पाहिलाय ना? पानावर भाताचा मुटका, त्यावर कुंकू, शेजारी नारळ. कुणावरून तरी ओवाळून आणून टाकलेला. नारळ कितीही चांगला असो, शाळेत निघालेली पोरंसुद्धा त्याला वळसा घालून जातात. वाळीत पडलेल्या घराशी गाव अगदी असंच वागतं. शिमग्यात पालखी त्या अंगणात जात नाही, वाणी सामान देत नाही, घरात मयत झालं तर खांद्याला कुणी येत नाही आणि जो बोलेल त्याला गावकी दंड लावते. वाया गेलेल्या माणसाला आपण ‘ओवाळून टाकलेला’ म्हणतो, ते उगाच नाही.

‘ओवाळणे’ संस्कृत ‘वल्’ म्हणजे फिरणे यातून आलं, असं ठासून सांगणारे आहेत. आरती फिरते, कबूल. पण ‘जीव ओवाळून टाकणे’ यात काय फिरतं? तिथे सगळा भार टाकण्यावर आहे, आणि त्याचं उत्तर ‘वल्’वाल्यांनी आजवर मला दिलेलं नाही.

राहिला बहिष्कार. तो मालावर घालता येतो, मतदानावर घालता येतो, परीक्षेवरही. वाळीत पडतो तो माणूसच, आणि बहुधा घरच्या घर. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यात शब्द ‘सामाजिक बहिष्कार’ असा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण रायगड-रत्नागिरीत ज्याच्यावर वेळ येते तो ‘आम्हाला वाळीत टाकलंय’ असंच सांगतो, आणि त्याची तक्रार त्याच शब्दांत लिहून घ्यावी.